तीन नंबरची खाच

न्हाई न्हाई साहेब, बसा की, उभ्या उभ्या न्हाई कळायचं हे. रिपोर्टात लिवलंय तेच खरं — पण तुम्ही पुण्याहून चौकशीला आलाय, म्हंजी परत पहिल्यापासनं आलंच. आठ दिवस हेच सांगतोय. प्लँट हेडला सांगितलं, युनियनवाल्यांना सांगितलं, आता तुम्ही. तोंड दुखाय लागलं माझं.

हे बघा, ह्यो एकच सर्व्हर. लिनक्स. ह्याच साली मार्चात आणला, दोन हजार नऊला. त्याच्या पोटात तीन मशिनं चालत्यात — खरी न्हाईत, आतल्या आत बनवलेली, पण प्रत्येकीला वाटतं आपण आख्खा कॉम्प्युटर. एक हजेरीचं, एक स्टोअरचं, एक गेटवरल्या वजनकाट्याचं. एरवी काय होतं, आतल्या मशिनीला काही लागलं तर ती लिनक्सकडं मागती, लिनक्स आणून देतं. पण काट्याचं सॉफ्टवेअर जुनं, विंडोजवरलं, त्याला काट्याची वायर जोडलेलं कार्ड सोताच्या हातात पायजे. मधी कुणी चालत न्हाई. मग दिलं थेट. गोडाऊनची किल्लीच हातात दिली म्हना. मीच बसवलं ते, तीन रविवार दौंडला घरी गेलो न्हाई, बायको फोनवर — जाऊ द्या.

आता गंमत अशी, लिनक्स कार्ड कुठलं ते बघत न्हाई, ते ज्या खाचेत बसवलंय तिचा नंबर बघतं. तीन नंबरच्या खाचेत जे असंल ते काट्याला द्यायचं, एवढंच मी लिवून ठेवलेलं. आन् खंडेनवमीला तीन नंबरात बसलं हजेरीच्या डिस्कचं कार्ड, काट्याचं गेलं चारात. झालं! दसऱ्यानंतर चालू केलं तर काट्याच्या विंडोजला आयती डिस्क घावली. नवी डिस्क दिसती, तयार करू का, असं स्क्रीनवर आलं — काट्यावरल्या मारुतरावांनी व्हय दाबलं. त्यांना काय माहीत बिचाऱ्यांना! सात महिन्यांची हजेरी साफ. बॅकअप? व्हता की. त्याच डिस्कवर. हसा साहेब, मी बी हसलो असतो.

कार्डं कुणी हलवली म्हंता? लिवलंय की — रंगुबाईंनी. झाडलोटीच्या बाई, कंत्राटावर, बारा वर्षं तळेगाव ढमढेऱ्याहून जीपनं येत्यात. पूजेच्या आधी पुसताना हललं असंल. त्यांना कामावरनं कमी करनार म्हंत्यात. काल वॉचमननं त्यांना गेटवर अडवलं तवा मला म्हनल्या, नवनाथदादा, मी तर फडकंबी आत न्हेलं न्हाई, तुम्ही सांगा की त्यांस्नी. मी काय सांगनार? मान खाली घातली आन् आत आलो. लई वाईट वाटलं. पर विसरल्या असतील त्या. वय झालंय.

उघडलं कसं म्हंजी? मागं चार स्क्रू हायेत, बारीक पेचकस लागतो. न्हाई, त्यांच्याकडं कुठला पेचकस. माझ्या ड्रॉवरमधी असतो, कुलपात — पर साहेब, खंडेनवमीला हत्यार नुसतं वरनं पुसायचं नसतं! माझे वडील दौंडला रेल्वेत फिटर. आदल्या दिवशी आख्खी पेटी रिकामी करायचे, एकेक पाना चिंधीनं पुसून पेपरवर मांडायचे. झाकणाची पूजा करतोस व्हय रे, म्हनायचे. मग सर्व्हरच्या डब्याला वरनं कुंकू लावून आतली घाण तशीच ठेवायची? बोटभर धूळ व्हती आत, ग्राइंडिंगची, काळी. ब्रशनं सगळी काढली, दोन्ही कार्डं पेपरवर ठेवली, सारखीच दिसत्यात हो, हिरवी हिरवी, काठाला हळदीचं बोट लावलं — आन् तेवढ्यात खालनं हाका, नारळ फोडायचाय, साहेब थांबलेत, या लवकर, तर घाईघाईत —

…लिवताय काय तुम्ही?

न्हाई, खोडू नका. राहू द्या. लाज वाटती साहेब, दुसरं काय. मला कळलं व्हतं पहिल्याच दिवशी, झाकण उघडल्या उघडल्या. पर प्लँट हेड समोर हुभे, मागं त्या बाई फडकं घेऊन हुभ्या, आन् माझ्या तोंडातनं त्यांचंच नाव गेलं. इतकं सोपं गेलं ते. द्या पेन हिकडं, सही करतो. रंगुबाईंचं नाव काढा पहिलं, माझ्यासमोर काढा.

सकाळधरनं गेटाबाहेर बसल्यात त्या, डबा मांडीवर घेऊन. आत सोडायला सांगा. मी न्हाई येत, त्यांच्यासमोर मला न्हाई व्हायचं. जावा साहेब तुम्ही. दार लोटून घ्या.