डोपामिनचा उपास

(इलेक्ट्रॉनिक सिटीतला फ्लॅट. रविवारची संध्याकाळ. अनुषा बॅग भरते आहे.)

वेदांत : अगं, फोन कपाटात होता. रविवारी माझं डोपामिन फास्टिंग असतं, तुला माहितीये.

अनुषा : माहीत आहे की! स्क्रीन नाही, गाणी नाहीत, मसाला डोसा नाही. दिवसभर गॅलरीत बसून समोरचा टॉवर बघायचा. मोजलेस का मजले?

वेदांत : चेष्टा नको. डोपामिन कमी केलं की फोकस वाढतो. आमची अख्खी टीम करते.

अनुषा : अय्यो, टीम करते? सरी, बरं मग! अरे, मी पीयूसीला, अकरावी-बारावीच्या पोरांना बायॉलॉजी शिकवते. असं गॅलरीत बसून डोपामिन कमी होत नाही. खरंच कमी झालं की काय होतं, ते माझ्या अप्पांकडे बघ. सहा वर्षं त्यांच्या मेंदूत ते धड बनतच नाही. हात थरथरतो, पाऊल जमिनीला चिकटतं. आण तुझ्या टीमला एकदा, किती फोकस वाढलाय ते दाखवते.

वेदांत : ते पार्किन्सन्स आहे, अनू.

अनुषा : हो. आणि त्यांच्या गोळीचं मेंदूत डोपामिनच बनतं. अकराच्या गोळीची आठवण रोज मी फोनवर करून देते. रविवारची तू मागून घेतलीस. 'सासऱ्यांशी स्वल्प गप्पाही होतील,' म्हणालास.

वेदांत : सॉरी. डोक्यातूनच गेलं.

अनुषा : गोळी चुकली, अप्पा बाथरूमच्या दारात थिजले आणि पडले. मी तिकडे लांब देवनहळ्ळीला परीक्षेच्या ड्यूटीवर. ते फोन उचलेनात, म्हणून तुला नऊ वेळा केला. शेवटी भीमाचार्यांनी शेजारून येऊन दार फोडलं. खुबा मोडलाय. उद्या ऑपरेशन. माझी कावेरीअक्का एकटी बसलीये हॉस्पिटलात.

वेदांत : मी येतो. थांब, गाडी काढतो.

अनुषा : एक सांग आधी. साडेबाराला तुझ्या मॅनेजरशी, संग्राम सरांशी चाळीस मिनिटं बोललास. तुझ्या फोनवर दिसतंय.

वेदांत : सॉफ्टवेअरचं रिलीज होतं गं. कामाला सूट असते.

अनुषा : तेव्हा माझे मिस्ड कॉल दिसले नाहीत?

वेदांत : दिसले. वाटलं, सहज केला असशील. तुझ्याशी बोललो की बरं वाटतं मला, म्हणजे उपास मोडलाच. मॅनेजरच्या फोनात कुठे आनंद असतो?

अनुषा : माझ्याही फोनात नव्हता रे आज.