मँचेस्टरला बंदर नाही

गिरीश : हे? ह्यासाठी मला गुहागरहून एवढ्या लांब आणलंस? अगं वरदा, ह्याहून मोठं तळं आमच्या शाळेच्या मागे होतं. त्यात म्हशी तरी होत्या.

वरदा : बाबा, तळं नाही हे, डॉक आहे. सॉल्फर्ड कीज, मँचेस्टरची जुनी गोदी. इथे एकेकाळी मोठमोठी जहाजं लागायची.

गिरीश : आता म्हातारे लागलेत. तो बघ, नारिंगी टोपी घालून डुंबतोय.

वरदा : ओपन वॉटर स्विमिंग. पाणी स्वच्छ केलंय आता, लोक बुकिंग करून येतात.

गिरीश : डुंबायला बुकिंग! आणि ह्या पाटीवर काय? ओंटारिओ बेसिन. पलीकडे ह्यूरॉन, त्याच्या पुढे ईरी. अगं ही कॅनडाच्या सीमेवरची सरोवरं! मी जन्मभर भूगोल शिकवला, मला सांगतायत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

वरदा : आधी नुसते नंबर होते. डॉक सात, आठ, नऊ. गोदी बंद पडल्यावर एरिया रीडेव्हलप केला, तेव्हा ही नावं दिली. कॅनडाहून खरंच जहाजं यायची इथे.

गिरीश : यायची, यायची! ऐकून कान किटलेत माझे. आमचे अण्णापण हेच सांगायचे.

वरदा : म्हणून तर आणलंय तुम्हाला. निघताना आजी काय म्हणाली, आठवतंय ना? "गिरीश, मँचेस्टरला बंदर आहे की नाही ते डोळ्यांनी बघ आणि मला सांग." आज तिला फोन करायचाय. काय सांगणार?

गिरीश : नाही म्हणून सांगणार. तुझे आजोबा वर्षातले दहा महिने बोटीवर खलाशी, आणि उरलेले दोन महिने नाक्यावर बसून थापा. बरं, लिव्हरपूल म्हणायचं होतं, कुणी हसलं नसतं. पण नाही! मँचेस्टर! पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, मँचेस्टर हे कापडगिरण्यांचं शहर, त्याचं बंदर लिव्हरपूल. समुद्र कुठे, हे कुठे! गावानं अण्णांचं नावच पाडलं, मँचेस्टर. मी मास्तर झालो, तरी पाठीमागून मँचेस्टरचा पोरगा.

वरदा : लिव्हरपूलवाले मालावर वाट्टेल तेवढे चार्जेस लावायचे. म्हणून इथल्या लोकांनी समुद्रापासून थेट इथपर्यंत कॅनॉल खणला. शिप कॅनॉल. अठराशे चौऱ्याण्णवला उघडला.

गिरीश : शेजाऱ्यानं विहिरीवर पाणी भरू दिलं नाही म्हणून समुद्रच दारात आणला? कमाल आहे! कालवे जगात दोन, सुएझ आणि पनामा.

वरदा : तुमच्या पुस्तकात दोन. हा समोर आहे, बाबा. हात घालून बघा.

गिरीश : बरं, असेल खणला. मग एवढं खणून बंद का पाडलं?

वरदा : कंटेनरची जहाजं आली, ती इथे मावेनात. एटी-टूमध्ये गोदीला कुलूप. हजारो माणसांचे जॉब गेले.

गिरीश : आणि त्यांच्या जागी ह्या काचेच्या पेट्या. टीव्हीवाले, कॉफीवाले. माणसं हाकलायची आणि मग त्यांच्या आठवणीत पाट्या ठोकायच्या! पलीकडचं ते वाकडं पत्र्याचं काय आहे?

वरदा : वॉर म्युझियम. जायचं? फ्री आहे.

गिरीश : फुकटच असायला हवं. युद्धंही ह्यांचीच, म्युझियमही ह्यांचंच.

वरदा : थिएटर आहे, आर्ट गॅलरी आहे. तो पादचारी पूल आहे ना, तो लिफ्टसारखा अख्खा वर जातो. पण तुम्हाला काही बघायचंच नाहीये. तुम्हाला आजोबा खोटे ठरायला हवेत.

गिरीश : तोंड सांभाळून बोल. कालवा मानला मी. पण अण्णांची दुसरी थाप ठाऊक आहे का तुला? म्हणे, मोठ्या कालव्यावरून पूल जातो आणि त्या पुलात दुसरा कालवा, पाण्यानं भरलेला. खालून जहाज आलं की तो पूल पाण्यासकट बाजूला फिरतो! शेंबडं पोर तरी विश्वास ठेवील का?

वरदा : चला. गाडीत बसा.

(थोड्या वेळानं. काही मैलांवर बार्टन, त्याच कालव्याचा काठ. दोघं कठड्याशी उभे.)

वरदा : हा घ्या आजोबांचा पूल.

गिरीश : ह्या वरच्या पन्हळीत पाणी आहे?

वरदा : आहे. तो जुना, छोटा कॅनॉल. त्यातून होड्या जातात.

गिरीश : आणि मधे ते बेट. म्हणजे त्या बेटावर हा सगळा सांगाडा फिरणार. पण पाणी... अच्छा. दोन्ही टोकांना दारं आहेत. मी विचारायचो ना, अण्णा, पाणी सांडत कसं नाही? ते म्हणायचे, दारं लावतात रे आधी. एवढंच म्हणायचे. मी आणखी हसायचो.

वरदा : वर्गातसुद्धा.

गिरीश : वर्गात काय?

वरदा : मी सातवीत होते, तुमच्याच वर्गात. तुम्ही भिंतीवर नकाशा लावलात आणि विचारलंत, सांगा, मँचेस्टरला जहाज कसं जाईल? एक मुलगा म्हणाला, बैलगाडीत घालून. अख्खा वर्ग हसला. तुम्हीपण हसलात. मी घरी येऊन आजोबांना सांगितलं, मला वाटलं त्यांनापण हसू येईल.

गिरीश : मुलांच्या लक्षात राहावं म्हणून विनोद केला होता.

वरदा : लक्षात राहिलं ना. त्यानंतर आजोबा बोटीबद्दल कधीच बोलले नाहीत. मी कितीदा विचारलं, तर म्हणायचे, तुझ्या बाबाला विचार, तो शिकलेला आहे.

गिरीश : असं म्हणाले?

वरदा : शेवटपर्यंत.

गिरीश : लाव फोन. आईला लाव.

वरदा : काय सांगणार ते आधी सांगा. तिला परत दुखवणार असाल तर मी लावणार नाही.

गिरीश : लाव म्हटलं ना!

वरदा : आजी, मी वरदा. बाबा बोलतायत. स्पीकरवर आहेस.

गिरीश : आई, ऐकू येतंय? अगं, मी बघून आलो. मँचेस्टरला बंदर होतं. थेट समुद्रातून जहाजं यायची.

आजी : बरं.

गिरीश : आणि तो पाण्याचा पूलसुद्धा आहे. आत्ता त्याच्याच समोर उभा आहे मी. फिरतो तो, पाण्यासकट.

आजी : बरं.

गिरीश : बरं काय? आई, अण्णा खरं सांगत होते!

आजी : ते मला काय सांगतोस? मला कळावं म्हणून नव्हतं तुला तिकडे धाडलं. चाळीस वर्षं संसार केला त्यांच्याबरोबर, खोटं बोलताना त्यांचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक होतं.

गिरीश : मग मी आता काय करू?

आजी : शिमग्याला ये. देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की सगळा गाव जमतो. तिथे उभा राहा आणि सांग.

गिरीश : आई, सगळ्यांसमोर? ह्या वयात? लोक हसतील गं मला.

आजी : हसू देत. सगळं सांगून होईस्तोवर खाली बसू नको.