सात पिढ्यांत कुणाला नाही

हॅलो?… हो ताई, मीच… हॉस्पिटलमध्येच. पोरगी झोपलीय आता. ताप उतरतोय.

…नाही हो, दचकली नव्हती! दचकली, दचकली काय लावलंय सगळ्यांनी? झटका होता. डोळे फिरले, हातपाय ताठ, ओठ निळे. सहा मिनिटं, ताई! मी मशीनवरून उठून धावले, मापाची टेप अजून गळ्यात आहे… आई? आई दातांत चमचा घालायला निघाल्या होत्या! हिसकावला मी. कुशीवर वळवलं नि धरून बसले.

…अहो, ऐका ना. डॉक्टर विचारतात, घरात आणखी कुणाला? आई ताडकन म्हणाल्या, सात पिढ्यांत कुणाला नाही. आणि तुमचा भाऊ शेजारी मिठाची गुळणी धरून…

काय? काय म्हणालात?… 'त्यालाही व्हायचं'? कुणाला? तुमच्या भावाला?… तापातच? पाच वर्षांचा होईपर्यंत?… वा! सहा वर्षं संसार करतेय मी, आणि हे मला आज कळतंय, तेही फोनवर!

…नाही, ओरडत नाहीये… हो, ओरडतेय! आईंना इभ्रत मोठी, नात नाही?

…ताई?… हॅलो?… रडताय का?

…कसल्या गोळ्या? त्या व्हिटॅमिनच्या?… म्हणजे… अहो, पण कधीपासून?… चौदाव्या वर्षी पहिला झटका. ताप नसताना… आणि मिस्टरांना माहीत नाही? लग्न झाल्यापासून नऊ वर्षं चोरून घेताय?

…कळतंय हो मला. पण डॉक्टरांना सांगावंच लागणार. पोरीच्या पुढच्या तपासण्या त्यावर ठरतील… तुमच्या सासरी कशाला सांगू मी? ते तुमचं तुम्ही बघा. गोळीचं नाव सांगा फक्त… थांबा, पेन… हं. अक्षरं सांगा एकेक… हं… किती? दोनदा?

…कोण आलं?… ताई, फोन ठेवू नका! 'मैत्रिणीचा आहे' काय? ऐकू येतंय मला सगळं…

…ताई?… कुणाशी बोलताय?…

…हं… हं…

मिस्टरांना सांगितलंत?… काय म्हणाले?… गाडीची किल्ली शोधतायत?…

…काय विचारतायत?… हो, हो, दुसरा मजला. मुलांचा वॉर्ड… दोघं या. सावकाश या. ठेवते.