तात्यांना आवतण

आमच्या नगरच्या लोकसंगीत महोत्सवाचा इतिहास विचारू नका, तो तात्या दर वर्षी उद्घाटनाच्या भाषणात सांगतात. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते आणि महोत्सवाचे अध्यक्ष. पहिल्या वर्षी 'गोंगाट होतो' म्हणून पोलीस बोलावणारे हेच, पण इतिहासात मात्र संस्थापक!

दुष्काळाच्या साली तर म्हातारा आवरेचना. जामखेडचे शंकरराव गोंधळी संबळ बांधून केव्हाचे उभे. त्यांना शेवटची एस.टी. गाठायची होती, म्हणजे आणखी थोडं भाषण आणि गोंधळ बोंबलला. शेवटी मीच ओरडलो, "तात्या, आता त्यांना गाऊ द्या!"

"तू गप. कॉलेज सोडलेल्यानं अक्कल शिकवू नये." मग शंकररावांना म्हणाले, "करा सुरू. पण देवांना हाका मारताना पहिलं नाव माझं घ्या."

"घेतो की," शंकरराव म्हणाले. "पन तात्या, गोंधळात हाक मारायची ती हजर नसलेल्याला. तुमी आधी घरी जा, मग बोलावतो."

सगळा मांडव ओरडला, "जा तात्या, जा!"

तात्या खुर्चीत बसले आणि संबळ वाजला. पुढच्या वर्षी इतिहास तेवढाच लांबला, फक्त त्यात हा गोंधळ नव्हता.