मास्तरांची बाहुली

...आणि वर मलाच म्हणते, 'जळताय तुम्ही.' मी? तुम्हाला सांगतो, मी जळण्यातला माणूसच नाही. दिवसभर पडदे शिवतो, जळायला वेळ कुठाय? पण आमची ही डोळ्यांच्या प्रयोगशाळेत लागली आणि तिथे करते काय, तर परक्या माणसांना काळोख्या खोलीत बसवते, हनुवटी स्टँडवर टेकवायला लावते, कधी लाल दिवा, कधी निळा, आणि टक लावून त्यांच्या डोळ्यांत बघते. पगार घेऊन! बरं, त्या खोलीचे काळे पडदे शिवले कुणी? मीच. दुहेरी अस्तर लावून, एक फट म्हणून ठेवली नाही. आपल्या पायावर आपणच धोंडा, दुसरं काय.

परवा तिचा फोन माझ्या कानावर पडला. म्हणजे दाराला कान लावला होता म्हणून पडला. मैत्रिणीला सांगत होती, "अगं, पोहण्याच्या मास्तरांची बाहुली बघायला हवी तू. निळ्यात अशी आकसून बसते ना, किती वेळ सोडतच नाही. लाल असलं की लगेच मोकळी. इतकी गुणी बाहुली मी पाहिली नाही." मला वाटलं, मास्तरांची लेक असेल, लाडानं म्हणत असतील बाहुली. निळं म्हणजे तलावाचं पाणी. पोहण्याच्या मास्तरांची पोर आणि पाण्याला घाबरते, बिचारी... जीव कळवळला हो माझा. जेवताना सहज विचारलं, "काय गं, मास्तरांची मुलगी केवढी आहे?"

"मुलगी? अहो, त्यांचं लग्न कुठे झालंय?"

मी घास परत ताटात ठेवला. लग्न नाही, मुलगी नाही, आणि बाहुली आहे... मग ती बाहुली कोण? मी जळत नव्हतो, फक्त भातावर आमटीऐवजी पाणी ओतलं. "डोळ्यातली बाहुली हो," म्हणाली आणि ठसका लागेपर्यंत हसली. मग समजावलं, मास्तर तिच्याकडे तपासणीला येतात. निळा दिवा विझला तरी बाहुली बराच वेळ लहानच राहते, लाल विझला की चटकन मोठी होते. आणि बोलता बोलता बोलून गेली, आवडतं माणूस दिसलं तरी मोठी होते म्हणे.

"मग मास्तरांची लाल गेल्यावर मोठी होते, की तू आल्यावर?"

ती भांडी उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पडद्याचे हूक बघायचेत म्हणून प्रयोगशाळेत गेलो. दारात मास्तर. रुंद खांदे, गोड आवाज. "अरे, तुम्हीच ते पडदेवाले ना?" पडदेवाले! एकोणीस वर्षांचा संसार, आणि हिनं माझी ओळख काय सांगितली, तर पडदेवाले. आता मी जळणाऱ्यातला नाही, पण माणूस आहे की नाही?

आत गेलो, हिला म्हटलं, "आज तू बस. मी बघतो." काय वाटलं कोण जाणे, बसली. हनुवटी टेकवली. तुम्हाला खरं सांगतो, आम्ही बोलतो ते ती गॅसकडे बघत, मी शिलाई मशीनकडे बघत. इतकं समोरासमोर कधी बघितलंच नव्हतं. मला घाम फुटला. लहानच राहिली तर? समोरच्या स्क्रीनवर तिचा डोळा आला आणि बाहुली... ही एवढी मोठी.

"अगं, मोठी झाली. मला बघून."

हनुवटी न हलवता म्हणाली, "अहो, खोलीत अंधार आहे. आत्ता झुरळ आलं असतं तरी एवढीच झाली असती."

असो. तेव्हापासून घरी जेवायला बसलो की मी दिवा बंद करतो. ताटात काय वाढलंय ते कळत नाही, पाण्याचा पेला रोज सांडतो. तिची बाहुली मलाही दिसत नाही म्हणा... पण मोठी असते, एवढं नक्की.