हद्दीच्या दगडापलीकडे चार पावलं

अक्का : खोटं लिहिलंय त्यांनी, वकीलबाई! चौकीतल्या त्या साहेबानं, टेबलावरच्या हवालदारानं, आणि खाली ज्यानं न वाचता शिक्का हाणला त्यानं. तिघंही खोटारडे. ‘चालक जखमीस रस्त्यावर टाकून फरार.’ फरार! माझा भाऊ त्यांच्याच टेबलासमोर बाकावर बसला होता. समोर बसलेल्या माणसाला फरार म्हणतात का?

वकीलबाई : आवाज खाली घ्या, अक्का. ही भिंत प्लायवूडची आहे. पलीकडे सरकारी वकील डबा खातायत.

अक्का : खाऊ देत. घास अडकला तर बरंच होईल.

चालक : अक्का, गप ना जरा.

अक्का : गप राहायचं काम तूच कर जन्मभर. तेवढं छान जमतं तुला.

वकीलबाई : जेवणाची सुट्टी संपली की आपला पुकारा होईल. अर्धा तास आहे हातात. दादा, पुन्हा एकदा सांगा. पहिल्यापासून, जसं झालं तसं.

चालक : गॅसची गाडी होती. भरलेले सिलिंडर तीनशे सहा. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी वळणाला होतो. वेग पस्तीस. डाव्या पायवाटेनं एक मोपेड सुसाट खाली आली आणि मागच्या चाकाला धडकली. विजेचे मीटर वाचणारा होता तो. पाठीवर पिशवी, पिशवीत पावत्या. सगळ्या रस्त्याभर उडाल्या.

वकीलबाई : धडक त्यानं दिली हे मोजमापावरून दिसतंच. त्याची मला काळजी नाही. पुढचं सांगा.

चालक : गाडी बंद केली. किल्ली काढली, बॅटरीचा खटका पाडला, चाकांना लाकडी ठोकळे लावले. गॅसच्या गाडीला हे करावंच लागतं. मग त्याच्याकडे गेलो. शुद्धीत होता. म्हणाला, कमरेखाली काही कळत नाही.

वकीलबाई : उचलून गाडीत का नाही घातलं?

चालक : प्लँटमध्ये दर सहा महिन्यांनी शिकवतात. पाठीला मार असेल तर हलवू नका, जन्माचा पांगळा कराल. म्हणून नाही हलवला.

वकीलबाई : आणि फोन?

चालक : फोन प्लँटच्या फाटकावर जमा करायचा. गॅसजवळ फोन चालत नाही. चौदा वर्षं करतोय जमा. सतरा नंबरचा खण माझा.

वकीलबाई : तुमच्या कंपनीचं पत्र आलंय काल. ‘फोन जमा करण्याची सक्ती नाही, चालकाने तो स्वखुशीने ठेवला होता.’

अक्का : अग्गं बाई! स्वखुशीनं! एकदा खिशात राहिला म्हणून आठवडाभर घरी बसवला होता याला. तेही स्वखुशीनंच असेल.

चालक : चौकी मागं दीड किलोमीटरवर होती, येताना बघितली होती. रस्त्यावर एक मावशी होत्या, डोक्यावर गवताचा भारा. त्यांना म्हटलं, मावशी, तुम्ही याच्याजवळ बसा, मी माणसं आणतो. त्या बसल्या. भाऱ्याची सावली केली त्याच्या तोंडावर. मी निघालो. गुडघा धड नाही माझा, तरी वीस मिनिटांत पोचलो. दोन वाजून बत्तीस मिनिटं. चौकीतल्या घड्याळात बघितली.

अक्का : बघितलंत? गल्लीत याला फूटपट्टी म्हणतात ते उगाच नाही. साखर किती घालू विचारलं तर दाणे मोजून सांगेल.

वकीलबाई : मावशींना मी भेटून आले. हे सगळं त्यांनी पोलिसांना सांगितलं होतं. कागदावर एकच ओळ आहे, ‘चालक निघून जाताना पाहिला.’

अक्का : मग त्यांना आणा कोर्टात! बाकीचं तोंडानं सांगतील.

वकीलबाई : त्यांचा जावई चौकीची जीप चालवतो. हात जोडले त्यांनी मला. म्हणाल्या, मुलीच्या संसारात माती कालवू नका.

अक्का : आणि चौकीतला कॅमेरा?

वकीलबाई : त्या दिवशी बंद होता.

अक्का : म्हणजे कॅमेराही फरार.

वकीलबाई : तुमच्या येण्याची नोंद रजिस्टरमध्ये नाही. अटकेची आहे, संध्याकाळी सात वाजता, ‘शोध घेऊन’. आता मला एक कळत नाही. अपघाताची खबर घेऊन आलेला माणूस त्यांनी का लपवावा? वैर तर नाही तुमचं. रुग्णवाहिकेला फोन गेला तीन वाजून अठराला, तो कागद माझ्याकडे आहे. तुम्ही दोन बत्तीसला पोचलात. मधला पाऊण तास तिथं काय चाललं होतं? तुम्ही दर वेळी इथं येऊन थांबता, दादा.

चालक : बसा म्हणाले. बसलो.

वकीलबाई : आणि?

चालक : काही नाही.

अक्का : अरे, बोल ना! दाताखाली काय धरून ठेवलंयस? तीन महिने झाले. जेवताना घास हातात धरून बसतो हा, वकीलबाई. मी म्हणते जेव, तर म्हणतो किती वाजले.

चालक : हवालदार म्हणाला, कुठं झालं? म्हटलं, वळणावर. म्हणाला, वळणावर हद्दीचा दगड आहे. दगडाच्या अलीकडे असेल तर आमचं, पलीकडे असेल तर पुढच्या चौकीचं. नीट आठवून सांग.

वकीलबाई : तुम्ही काय सांगितलंत?

चालक : मी सांगितलं, पलीकडे. चार पावलं.

वकीलबाई : चार पावलं.

चालक : ठोकळे लावताना दगड दिसला होता मला. चारच पावलं होती. मग त्यानं पुढच्या चौकीला फोन लावला. ते म्हणाले, दगड मागच्या वर्षी रस्ता रुंद करताना सरकलाय, जुन्या नकाशात ती जागा तुमचीच. हा म्हणाला, नकाशा दाखवा. ते म्हणाले, साहेब जेवायला गेलेत. मी दोनदा उठलो. म्हटलं, साहेब, माणूस जिवंत आहे, आधी गाडी पाठवा, मग भांडा. म्हणाला, बस खाली, तूच म्हणालास ना पलीकडे? तूच म्हणालास.

अक्का : अरे देवा.

चालक : अलीकडे म्हटलं असतं तर लगेच निघाले असते ते. जीप दारात उभी होती. एक शब्द होता, अक्का. कोण मोजणार होतं नंतर?

अक्का : तुझ्या तोंडाला कुलूप का नाही घातलं रे आईनं?

वकीलबाई : अक्का, थांबा. दादा, इकडे बघा. चूक तुमची नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही खरं सांगितलं.

चालक : डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हीच वाचून दाखवलंत. रक्त आत साठत गेलं, त्यातच गेला तो. अर्धा तास आधी आणला असता तर. त्या ‘तर’च्या पुढं काही लिहिलेलं नाही.

वकीलबाई : आता लागतोय मेळ. तुम्ही दोन बत्तीसला चौकीत होतात हे मान्य केलं, तर तो माणूस त्या पाऊण तासात का पडून राहिला हे त्यांना सांगावं लागेल. म्हणून तुम्ही तिथं नव्हतातच.

अक्का : मग हेच सांगा जजसाहेबांना! आता सापडलं ना सगळं!

वकीलबाई : काय सापडलं? रजिस्टर त्यांचं, घड्याळ त्यांचं, बाक त्यांचा. आपल्याकडे फक्त यांचा शब्द. हे मांडलं तर खटला चार-पाच वर्षं चालेल. तोवर लायसन्स जप्त. हरलो तर तुरुंग, आणि अशा खटल्यात हरलेलेच जास्त बघितलेत मी. खोटं कशाला सांगू?

अक्का : आणि दुसरी वाट?

वकीलबाई : सकाळी सरकारी वकिलांनी जाता जाता सुचवली. अपघातानंतर जमाव जमला, जमाव मारेल या भीतीनं चालक शेतात लपला, संध्याकाळी स्वतःहून हजर झाला. भीतीनं जागा सोडली तर कायदा सूट देतो. ते विरोध करणार नाहीत. तसं निवेदन लिहून आणलंय मी, फक्त तुमची सही हवी. त्या मोबदल्यात चौकीचं नाव कुठं घ्यायचं नाही. बहुतेक सुटाल, दादा. पुढच्या महिन्यात गाडीवर असाल.

चालक : जमाव कुठला? एक मावशी आणि त्यांचा गवताचा भारा.

अक्का : असेना का! भाऱ्यातल्या काड्या मोज, झाला जमाव! अरे, तेव्हा खरं बोललास त्यानं कुणाचं भलं झालं? त्या मीटरवाल्याचं झालं? आता एकदा खोटं बोल आणि जग बाबा. तुला आत टाकलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? शाळेची झाडलोट करून आले की दार उघडणारं दुसरं कोण आहे मला?

चालक : रडू नकोस.

अक्का : रडत नाही मी. हो म्हण.

वकीलबाई : मी सांगणार नाही काय करा ते. वीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं. तेव्हा मला वाटायचं खरं बोललं की पुरतं.

(दारावर थाप पडते. बाहेरून शिपायाचा आवाज : ‘पुढची केस तुमची, बाई. तयार राहा.’)

अक्का : धाकट्या.

चालक : द्या तो कागद. कुठं करू सही?

वकीलबाई : इथं. आणि मागं इथं.

अक्का : सुटलास रे बाबा. सुटलास.

चालक : हे मोठ्यानं वाचतात का, वकीलबाई? आत, सगळ्यांसमोर?

वकीलबाई : वाचतात. सही चांगली करा.

चालक : त्याची बायको आलीय. व्हरांड्यात तिसऱ्या खांबाशी बसलीय, मांडीवर त्याची पावत्यांची पिशवी. ती पण ऐकणार?

वकीलबाई : तिला हक्कच आहे ऐकायचा.

चालक : म्हणजे तिला आज कळणार, की तिचा नवरा पडला तेव्हा तिथं माणसंच माणसं होती.

अक्का : नको रे आता खाजवू ते.

चालक : तो एकटा पडला होता एवढंच तिला माहीत होतं. आता मी तिला जमाव देणार. एवढी माणसं होती तर त्यांतल्या एकानंही माझ्या माणसाला का नाही उचललं, असं बाहेर पडताना तिनं मला विचारलं, तर काय सांगू? वकीलबाई, तुम्ही शिकलेल्या आहात. पलीकडच्या त्या सरकारी वकिलांना विचारून सांगा हवं तर. पण सांगा. काय सांगू तिला?