बाईसाहेबांची वीस मिनिटं

हॅलो?… हॅलो, ताई? मोठ्याने बोल गं, फोन कान आणि खांद्यात धरलाय… कारण हात दोन्ही तेलात आहेत… नाही गं, तळणाच्या नाही. काळ्या. ते राहू दे, बाबांचा डोळा कसा आहे?

पट्टी काढली? वा!… घरातसुद्धा काळा चष्मा घालून बसलेत? सांग त्यांना, हिरो दिसताय… बरं, नको, हसवू नकोस. वाकायचं नाही, जोरात खोकायचं नाही आणि डोळ्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये. आहे ना लक्षात?… हो, हो, तू मोठी आहेस, तुला सगळं कळतं.

काय?… पुन्हा म्हण.

आज? अगं, ते गाडी घेणारे गृहस्थ रविवारी येणार होते ना!… आज पाच वाजता? आणि बाबा ‘खुशाल या’ म्हणाले? मला न विचारता?… हो बाई, गाडी त्यांचीच आहे, कबूल. किती वाजलेत आत्ता?… चार दहा. मेले मी.

काही नाही झालं… म्हटलं ना, काही नाही. ताई, तू आधी दुसऱ्या खोलीत जा. बाबांपासून लांब… गेलीस? दार लाव… नीट लाव, ते तुझं दार आपोआप उघडतं… हं. आता ओरडायचं नाही. मी बाईसाहेबांचं इंजिन उघडलंय.

अगं, ओरडायचं नाही म्हटलं ना!… हो, बाबांच्याच. गाडीच्याच! बाबांच्या दुसऱ्या कोण बाईसाहेब आहेत?… चार दिवस झाले. ते तुझ्याकडे आले त्याच दिवशी सुरुवात केली… दुकान बंद कशाला ठेवीन? लोकांची शिवणयंत्रं खोळंबली की लोक घरी येतात. दुकान आटपून येते आणि गॅरेजमध्ये शिरते.

ऐक ना. आईच्या कपाटात चादरींच्या खाली एक लांबट खोका होता, आठवतो?… तोच! आपण म्हणायचो त्यात तलवारी आहेत. तू तर मैत्रिणींना दाखवायचं कबूलही केलं होतंस… तलवारी कसल्या, दोन कॅमशाफ्ट. माझ्या जन्माच्या वर्षी बाबांनी हौसेने घेतलेले. तेलाच्या कागदात गुंडाळून जसेच्या तसे. ‘पुढच्या वर्षी बसवू.’ मग घराचं छप्पर गळलं. पुढच्या वर्षी. मग तुझं कॉलेज. पुढच्या वर्षी. मग माझं दुकान. आणि मग त्यांना स्पॅनरवरचा आकडाही दिसेना.

कॅमशाफ्ट म्हणजे… कसं सांगू तुला? इंजिनच्या माथ्यावर दोन दांडे असतात. त्यांच्यावर अंड्यासारखे फुगवटे. दांडा फिरला की फुगवटा खालच्या व्हॉल्व्हला दाबतो, व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन श्वास घेतं. फुगवटा उंच असला की श्वास मोठा. जुन्या दांड्यांवर बाईसाहेब आपल्या वरवर श्वास घेत होत्या, जिना चढलेल्या माणसासारख्या. या नव्या दांड्यांवर छाती भरून घेतील… हो, वेगात जास्त पळेल. पण मला पळवायची नाहीये गं, बाबांना आवाज ऐकवायचाय.

कशाला म्हणजे? त्या दिवशी जेवताना बाबा काय म्हणाले, ऐकलंस ना तू? ‘घरात तिला हात लावणारं कोणी उरलं नाही, म्हणून देऊन टाकतो.’ कोणी उरलं नाही! मी समोर बसले होते, ताई. त्यांना आमटी वाढत होते. वीस वर्षं लोकांची यंत्रं उघडतेय, जोडतेय, आणि मी म्हणजे कोणी नाही… नाही, राग नाही आला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

आईला माहितीये. खोका तिनेच काढून दिला. वर तिचा केकचा साचाही दिला, आतल्या चकत्या क्रमाने ठेवायला. आता म्हणते, तो साचा मला परत नको, तूच त्यात केक कर आणि तूच खा.

बसवलं सगळं. सगळं! मापं घेतली, चकत्या बदलल्या, बोल्ट थोडे थोडे आवळले, बाबांच्या वहीत लिहिलंय अगदी तसे. पण अडलंय… अगं, सुरू करायच्या आधी इंजिन हाताने पुरते दोन फेरे फिरवून बघायचं असतं. दीड फेरा होतो आणि टच्च. पुढे जात नाही… नाही, जोर नाही लावायचा! आतले व्हॉल्व्ह वाकले तर संपलंच. मग गाडी द्यायची की ठेवायची हा प्रश्नच मिटला, भंगारवाला घेऊन जाईल.

फोन करून नको म्हणू? मी कशी म्हणणार? शब्द बाबांनी दिलाय, मागे घ्यायचा तर त्यांनीच. आणि इंजिन असं पोट फाडून ठेवलेलं दिसलं तर बाबा म्हणतील, बरं झालं देतोय ते, या पोरीने पार वाट लावली.

एक काम कर. तू जा आणि बाबांना विचार. सहज… भावोजींच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी गाडीचं म्हण. ‘बाबा, एकाने कॅम बदलले आणि इंजिन हाताने फिरवताना अडतंय, का बरं?’… कॅम. काही समजू नकोस, नुसतं बोल… आणि आवाज नेहमीसारखा ठेव. लहानपणी खोटं बोलताना गायला लागायचीस तसं नको… जा… जा गं लवकर.

…हं? काय म्हणाले?… ‘खुणा जुळवल्या का?’ हो, जुळवल्या. म्हणजे, त्याने जुळवल्या म्हणे… ‘दांडे फिरवणारी चेन ताठ आहे का?’ होती. आता एका बाजूने… थांब हं… ढिली वाटतेय. असं कसं? मघाशी ताठ होती… अजून काय विचारतायत?… ‘कुठल्या बाजूला फिरवलं?’ कुठल्या बाजूला म्हणजे काय? चाक फिरवायचं ते आपल्याकडे. चाक नेहमी आपल्याकडेच फिरवतात, पलीकडे फिरवलं की दोरा…

…

ताई. अगं ताई, मी शिवणयंत्रासारखं फिरवलं.

इंजिन घड्याळाच्या काट्यासारखं फिरवायचं असतं गं! उलटं फिरवलं की चेन सैल पडते आणि दात सोडून सरकते. मला माहीत होतं! चार दिवस घोकतेय! पण हाताला वीस वर्षांची सवय, डोक्याला विचारतो कोण… बरं, तू बाबांना यातलं काही सांगू नकोस. फक्त विचार की…

सांगितलंस? काय सांगितलंस?… ‘आपल्याकडे फिरवलं, दोरा’? दोरासुद्धा?… आणि बाबा?… हसतायत? अगं, त्यांना हसू देऊ नकोस!… हो, कळणारच. शिवणयंत्र समजून गाडीचं इंजिन फिरवणारी सबंध जगात एकच बाई असणार. दे. दे त्यांच्याकडे फोन.

बाबा… हो, मीच… हो, उघडलंय… हो, तेच, खोक्यातले… आईने… बाबा, तुम्ही नंतर ओरडा, साडेचार होत आले… नाही, जोर नाही लावला. शपथ. अडलं तिथेच थांबले… खरंच? वाकले नसतील?… हं. मग सांगा. स्पीकरवर टाकते आणि फोन बॅटरीवर ठेवते.

चेन ताणणारा टेन्शनर काढला… हो… खालची खूण… आली. वरची डावी… बरोबर. उजवी… एक दात पुढे. बाबा, एकच दात!… हो, काढते… धरलंय… तार बांधू चेनला? कशाने बांधू… आई! तार आण गं!… कपड्यांची चालेल, कुठलीही चालेल!… सरकवला. बसला… बाबा, तुम्ही वाकला नाहीत ना? ताई, त्यांना सरळ बसव… हो, आवळला… आता? आता घड्याळासारखं. हो हो, लक्षात आहे. पलीकडे… एक फेरा… सव्वा… दीड… बाबा, दीड झाला… पावणेदोन… दोन!

दोन फेरे, बाबा! लोण्यासारखे!

झाकण लावते… आवळते… पाणी आहे, तेल आहे… पावणेपाच झाले? बाप रे… हो, सांगा… सुरू झाली की आयडलवर, मंद गतीत, सोडायची नाही. दोन हजारच्या खाली काटा येऊ द्यायचा नाही, वीस मिनिटं. हो, वाचलंय वहीत. नवे कॅम पहिल्या वीस मिनिटांत रुळतात, नाहीतर घासून जातात. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलवायचा नाही.

बसले. फोन मांडीवर घेतलाय… भीती वाटतेय हो… नाही, तसं नाही. अडतीस वर्षं मी ही गाडी तुमच्या शेजारी बसून ऐकली, आता तुम्ही तिकडे आणि मी इकडे… बरं. लावते चावी.

…

ऐकलंत? बाबा, ऐकलंत? पहिल्याच झटक्यात!… मी मोठ्याने बोलतेय कारण बाईसाहेब बोलतायत!… ऐका, ऐका, फोन खिडकीबाहेर धरते… ऐकलं? पूर्वी नुसती गुरगुरायची, आता कशी… बाबा?… हॅलो? ताई, बाबा का बोलत नाहीत?

काय? रडतायत? अगं, पूस!… नको, पुसू नकोस, डोळ्याला हात लावायचा नाही! बाबा, डॉक्टर मला फाडून खातील, डोळ्यात पाणी चालत नाही तुम्हाला! छताकडे बघा… हो, तसेच बसा.

अरे देवा. आले… ते गृहस्थ, बाबा. सहा मिनिटं आधी… आई हातवारे करतेय, खाली उतर म्हणून. कशी उतरू? पाय काढला की कॅम गेले!… बॉनेटपाशी उभे आहेत. डोळे मिटून ऐकतायत… मान डोलावतायत… बाबा, त्यांना ती आणखीच आवडली हो! मी आपल्या हाताने हे काय करून बसले!

हो… ऐकतेय… तुम्ही शब्द दिलाय, मला ठाऊक आहे. द्यायची असेल तर देऊ. वीस मिनिटं पुरी करीन, पुसून देईन, रडणार नाही. काय सांगू त्यांना?… मोठ्याने, बाबा, ऐकू येत नाही… हं… हं… तसंच सांगू?

अहो! ऐका! मी उतरू शकत नाही, माफ करा!… बाबा म्हणतायत, त्यांना क्षमा करा, गाडी द्यायची नाहीये… ते म्हणतायत, मी तुम्हाला सांगितलं होतं की घरात तिला हात लावणारं कोणी नाही… पुढे काय, बाबा?… हं…

…

ते म्हणतायत… ऑपरेशनच्या आधी मला नीट दिसत नव्हतं.

नाही, बाबा, रागावले नाहीत. हसले. टोपी काढली त्यांनी. विचारतायत, वीस मिनिटं होईपर्यंत थांबू का, नुसतं ऐकायला. आई खुर्ची आणतेय… मी? हो, रडतेय. माझ्या डोळ्याचं काही ऑपरेशन झालेलं नाही, मला चालतं!

अकरा मिनिटं राहिलीत… नाही, ताई, तू फोन ठेवू नकोस. बिल येऊ दे, बाबाही ठेवू नको म्हणतायत ना? मग राहू दे. मी फोन समोर काचेपाशी ठेवते. आता कोणी बोलायचं नाही… तूसुद्धा नाही, ताई. ऐका.